नाताळचा प्रवास आणि कडेवरचें मूल

सण जवळ आला म्हणजे मनुष्याचे पाय आपोआप मूळच्या घराकडे वळतात. गणेशचतुर्थीस मुंबईचा चाकरमानी ज्या ओढीनें कोंकणांतील घर गांठतो, त्याच ओढीनें डिसेंबरच्या उत्तरार्धांत मुंबईंतील गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबें गोव्याची वाट धरतात. पूर्वीं हा प्रवास आगबोटीनें होत असे, इ. स. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाल्यापासून पुष्कळ मंडळी आगगाडीनें जातात. ह्या गर्दींत कडेवर मूल घेतलेल्या माता ठिकठिकाणीं दिसतात. शाळांना नाताळची सुट्टी असल्यामुळें आपल्याहि घरच्या लेकीसुना ह्याच दिवसांत मुलांना घेऊन माहेरीं किंवा सासरीं जात असतात. तेव्हां सणासाठीं लहान मुलासह मोठ्या कुटुंबांत जाणें म्हणजे काय, ह्याचा विचार गोव्यांतील नाताळच्या निमित्तानें करणें आमच्या वाचकांस अप्रस्तुत वाटणार नाहीं.

'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगीज भाषेंतून घेतला. त्याचा मूळ अर्थ जन्म असा आहे. ज्या जन्माचा हा उत्सव, तो जन्म प्रवासांतच झाला. लूकच्या शुभवर्तमानांत सांगितल्याप्रमाणें शिरगणतीसाठीं योसेफ आणि गरोदर मरिया हीं नासरेथहून बेथलेहेमास गेलीं. उतरावयास जागा न मिळाल्यामुळें मातेनें बाळाला गव्हाणींत निजविलें. पुढें हेरोद राजाच्या भीतीनें त्याच तान्ह्याला घेऊन त्यांना इजिप्त देशीं पळून जावें लागलें, असें मत्तय सांगतो. इ. स. १२२३ सालीं असिसीच्या संत फ्रान्सिसनें इटलींतील ग्रेच्चो गांवीं ह्या गोठ्याचा देखावा उभा केला आणि ती चाल ख्रिस्ती जगांत रूढ झाली. गोव्यांतील घरोघरीं हा गोठा मांडतात. त्यांत हिरवळ दिसावी म्हणून कित्येक घरांत कांहीं दिवस आधीं नाचणी किंवा गहूं रुजत घालतात. नवरात्रांत घटाभोंवतीं धान्य पेरणाऱ्या आपल्या गृहिणींना हें वाचून परकें वाटणार नाहीं.

सणाच्या आधींचे दिवस तर मुलांचेच असतात. कुलकुल करावयाचे म्हणजे घरांतील थोरपोर एकत्र बसतात. कणकेचा लहानसा गोळा फणीच्या अगर काट्याच्या दांत्यांवर दाबून गुंडाळला कीं शिंपल्यासारखा आकार येतो. मग तो तळून साखरेंत घोळावयाचा. चार वर्षांच्या मुलालाहि हें साधतें, आणि न साधलें तरी त्याचा वांकडा कुलकुल इतरांबरोबर तळला जातो. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. तांदुळाचें पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ घालून दोदोल हटावयाचा, तर बेबिंकाचा एकेक थर भाजून त्यावर पुढचा थर ओतावयाचा. हीं कामें मात्र अनुभवी हातांचीं. सगळे जिन्नस झाले म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे ताटें जातात. त्यास 'कोंसवाद' म्हणतात. हीं ताटें हिंदु घरींहि जातात, आणि चतुर्थीस व दिवाळीस तिकडचा फराळ इकडे येतो.

परंतु मुलाच्या दृष्टीनें ह्या सर्वांहून मोठा लाभ निराळाच आहे. शहरांतील दोन खोल्यांत वाढणारें मूल आईबापांपलीकडे कोणास ओळखीत नाहीं. गांवच्या घरीं त्याला आजी म्हणजे 'शामाय' आणि आजोबा म्हणजे 'शापाय' भेटतात; बाप्तिस्म्याच्या वेळीं ज्यांनीं त्याला हातीं धरलें ते 'पादरीन' आणि 'मादरीन' भेटतात. शाळेंत इंग्रजी बोलणारें तें मूल आठ दिवस कोंकणी ऐकतें आणि परततांना चार शब्द घेऊन येतें. नातें हें पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं; तें मांडीवर बसून, एका ताटांत जेवून आणि वेळप्रसंगीं रागें भरवून घेऊनच कळतें.

आतां दुसरी बाजू. ज्या बालकाच्या नांवानें उत्सव, त्या बालकाची झोंप आणि पोट ह्यांची आबाळ उत्सवांतच फार होते. रात्रीच्या मिस्सेला सर्व घर निघतें. निजलेल्या मुलाला उठवून नवे कपडे चढविले जातात. तें रडूं लागलें कीं सर्वांच्या नजरा आईकडे वळतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कॅथोलिक धर्मसभेनें १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथांत उपासनेस हजर राहण्याच्या बंधनांतून सूट मिळण्याचीं कारणें देतांना आजारीपणाबरोबरच तान्ह्या मुलांच्या संगोपनाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. आणि सात वर्षें पुरीं न झालेल्या मुलावर तर तें बंधनच नाहीं. सकाळच्या मिस्सेलाहि जातां येतें. धर्म जेथें मातेला सवलत देतो, तेथें ती घरांतील वडीलधाऱ्यांनीं नाकारावी हें उचित नव्हे. मंगळागौरीच्या जागरणांत तान्ह्या मुलाच्या आईस बसवून ठेवणाऱ्या आपल्या घरांनाहि हें लागू आहे.

"आमच्या वेळीं अशीं कौतुकें नव्हतीं," असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण त्या वेळीं मुलाला घेणारे दहा हात घरांतच होते आणि मूल जन्मापासून त्या हातांना सरावलेलें असे. आज तें वर्षांतून एकदां भेटतें. आठनऊ महिन्यांचें मूल अपरिचित चेहरा पाहून रडतें, हा त्याच्या वयाचा धर्म आहे. वळण नसल्याची ती खूण नव्हे. पहिला दिवस त्याला आईजवळ राहूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं तें आपण होऊन आजीकडे झेंप घेईल.

प्रवासाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आगगाडींत पांच वर्षांखालील मुलास तिकीट पडत नाहीं, परंतु निजावयास स्वतंत्र जागाहि मिळत नाहीं. म्हणून पैसे वांचविण्यापेक्षां मोठ्या मुलासाठीं तिकीट काढून जागा घ्यावी. उकळून गार केलेलें पाणी, मऊ भात किंवा खिमट आणि कपड्यांचा एक जोड हाताशीं असावा. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नये, मग आग्रह कोणाचाहि असो. अखंड काजू आणि कडक कुलकुल लहान मुलाच्या घशांत अडकण्याचा संभव असतो. पांच वर्षांच्या आंतील मुलाच्या हातीं ते देऊं नयेत. सर्दीखोकला असलेल्यांनीं तान्ह्याचे मुके घेऊं नयेत. आंगणांतील विहीर आणि गोठ्यापुढील मेणबत्त्या ह्यांवर कोणी एकानें लक्ष ठेवावें. सर्वांनीं ठेवावयाचें म्हटलें कीं कोणीच ठेवीत नाहीं.

आलेल्या लेकीसुनेवर स्वयंपाकाचा भार टाकण्यापूर्वीं तिनें रात्रभर गाडींत मूल सांभाळलें आहे, हें सासूबाईंनीं आणि जावांनीं आठवावें. तिला प्रथम दोन घटका निजूं द्यावें आणि मुलाला अंगणांत फिरवून आणावें. अशा घरीं सून पुढील वर्षीं बोलावण्याची वाट पाहत नाहीं. ती आपण होऊन येते, आणि नातवंडांची ओळख मोडत नाहीं. नाताळ असो कीं गणेशचतुर्थी, घराचा वंश आणि घराची भाषा ह्या येण्याजाण्यावरच टिकते. तेव्हां ह्या सुट्टींत ज्यांच्या घरीं मूल येणार असेल, त्यांनीं फराळाच्या डब्यांबरोबर एक अंथरूण आणि एक निवांत खोलीहि आधीं तयार ठेवावी.