डासाचे अंडे आणि हिवाळा

मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक असलेल्या माझगाव येथे १७७४ साली जहाजांसाठी लहानशी गोदी बांधण्यात आली. जेथे जहाजे लागतात तेथे मालाबरोबर न बोलावलेले पाहुणेही उतरतात. डास हा त्यांपैकीच एक होय. डेंग्यू व चिकुनगुन्या या रोगांचा प्रसार करणारा ‘एडिस इजिप्ती’ हा डास मूळचा आफ्रिकेचा. शिडाच्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याची पिंपे असत. त्यांतून तो देशोदेशींच्या बंदरांत पसरला. मुंबईसारख्या उष्ण व दमट बंदरात त्यास बारा महिने ऊब मिळाली आणि तो तेथे कायमचा वस्तीस राहिला. परंतु हिवाळ्यात जेथे पाणी गोठते अशा देशात उतरलेल्या डासाचे काय होते? हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. कारण त्याच्या उत्तराचा संबंध गावातील रांजणाशीही पोहोचतो.

१७९३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया या बंदरात पीतज्वराची साथ उद्भवली. हा रोगही एडिस इजिप्ती डासच पसरवितो. त्या साथीत सुमारे पाच हजार माणसे दगावली. पुढे शरद ऋतू सरून कडाक्याची थंडी पडली आणि साथ थांबली. त्या काळी याचे कारण कोणास उमगले नव्हते. थंडीने डास मेले आणि त्यांची अंडीही हिवाळा काढू शकली नाहीत, हे ते कारण होय.

याच डासाचा एक आशियाई भाऊबंद मात्र थंडीस पुरून उरला. त्याचे नाव ‘एडिस अल्बोपिक्टस’. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असल्याने त्यास पट्टेरी डास म्हणता येईल. १९७९ साली तो आल्बानियात, १९८५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आणि १९९० साली इटलीतील जेनोआ येथे आढळला. या प्रवासात त्याचे मुख्य वाहन म्हणजे मोटारींचे जुने टायर. टायरच्या आतील बाजूस चिकटलेली अंडी पाण्यावाचून अनेक आठवडे जिवंत राहतात, आणि परमुलखात पाऊस पडून टायरमध्ये पाणी साचले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात.

हिवाळ्याचा उपाय यापुढचा आहे. जपानसारख्या समशीतोष्ण देशातील पट्टेरी डासाची मादी थंडीची वाट पाहत नाही. ती दिवसाची लांबी ओळखते. थंडी एखाद्या वर्षी लवकर येते, एखाद्या वर्षी उशिरा. दिवसमानाचा क्रम मात्र कधी चुकत नाही. दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा लहान होऊ लागले की मादी निराळ्या प्रकारची अंडी घालते. त्यांत स्निग्धांश अधिक असतो. आत अळी पूर्ण तयार होते, परंतु पाणी मिळाले तरी बाहेर पडत नाही. या स्थितीस सुप्तावस्था म्हणतात. वसंतात दिवस वाढले आणि ऊब आली की ही झोप मोडते. उष्ण प्रदेशातील पट्टेरी डासांत ही सुप्तावस्था सहसा आढळत नाही. तेथे तिची गरजच नसते.

येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज दूर करावा. थंडीत जगणे हे एखादा डास आपल्या आयुष्यात शिकत नाही. ज्या माद्यांनी सुप्त अंडी घालण्यास उशीर केला त्यांची संतती गारठ्यात मेली. ज्यांनी वेळ साधली त्यांचीच संतती उरली. अमेरिकेत उत्तरेकडे पसरलेल्या पट्टेरी डासांत सुप्तावस्थेची वेळ या निवडीने अवघ्या वीस वर्षांच्या आसपास बदलल्याचे दिसून आले आहे.

इतर डासांच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. युरोपातील ‘क्युलेक्स पिपिएन्स’ या डासाची मादी शरद ऋतूत फुलांचा मधुरस पिऊन अंगात मेद साठविते आणि तळघरात निपचित पडून हिवाळा काढते. एडिस इजिप्तीस असा कोणताच उपाय साधत नाही. तरीही अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील एका वस्तीत २०११ पासून काही वर्षे तो हिवाळे काढून टिकून राहिल्याचे आढळले. जमिनीखालच्या उबदार जागांनी त्यास आसरा दिला असावा. निसर्गाने न दिलेली ऊब माणसाच्या बांधकामाने दिली, असे म्हणावे लागते.

आपल्याकडे डासापुढील खरे संकट थंडीचे नसून कोरड्या दिवसांचे आहे. आणि त्यावर त्याचा उपाय अंड्याचाच आहे. एडिसची मादी रांजण, हौद वा पिंपाच्या आतील भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर अंडी चिकटविते. ती कित्येक महिने कोरडी राहूनही जगतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळताना केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांड्याची आतील बाजू काथ्याने किंवा घासणीने खरवडून घासली पाहिजे. आठवड्याचा नियमही सकारण आहे; आपल्या हवेत अंड्यातून निघालेल्या अळीचा डास होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात.

शिक्षकांनी दिनदर्शिकेतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून विद्यार्थ्यांकडून दिवसमानाचे गणित करवून घ्यावे. मुंबईचा दिवस डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा, तर जूनमध्ये सव्वातेरा तासांचा असतो. त्यानंतर शाळेतील पाण्याची भांडी, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि आवारात पडलेले टायर मुलांना दाखवावेत. माझगावात कामास असलेल्या चाकरमान्याच्या खोलीतील पिंप आणि गावातील रांजण यांत डास भेद करीत नाही. रांजण का घासावयाचा हे ज्या मुलाला उमगले, तो ते काम सांगितल्यावाचून करील आणि घरच्यांनाही त्याचे कारण पटवून देईल.