कॅरॅव्हानची खोळ : ऊन अडवा, हवा कोंडू नका

आपल्या बेटावर १९६० चे कॅरोल किंवा १९७५ चे जर्व्हेज ही चक्रीवादळे ज्यांनी पाहिली, त्यांच्या घरी ताडपत्रीची घडी अजूनही हाताशी असते. छपराचे पत्रे उडाल्यावर घर झाकले ते तिनेच. मात्र हीच ताडपत्री परदेशी गेलेल्या मुलांच्या दारात भलत्या कामी लागली, तर मोठे नुकसान करते. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या ईस्ट टामाकी भागात आम्ही असे एक उदाहरण पाहिले, म्हणून हा लेख.

ईस्ट टामाकी म्हणजे कारखाने, गोदामे आणि त्यांना लागून वाढलेल्या वस्त्या. तेथे कित्येक घरांसमोर कॅरॅव्हान, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर, उभे दिसते. कोणाकडे मोटरहोम असते. ते स्वतःच्या इंजिनावर चालते. डिसेंबर-जानेवारीच्या सुटीत कुटुंब त्यातून समुद्रकाठी जाते. बाकीचे बहुतेक महिने ते अंगणातच असते, आणि त्याची खरी झीज याच काळात होते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने बचतीतून जुनी कॅरॅव्हान घेतली. बेटावरून भेटीला आलेल्या आजोबांनी एप्रिलमध्ये तिच्यावर निळी ताडपत्री करकचून बांधून दिली. नोव्हेंबरमध्ये ती सोडली, तेव्हा आत कुबट वास, गाद्यांवर बुरशी, आणि खिडक्यांच्या प्लास्टिकवर ताडपत्री घासून पडलेले ओरखडे. आजोबा फार हिरमुसले. वास्तविक त्यांची गाठ चुकली नव्हती, कापड चुकले होते.

असे का व्हावे? ऑकलंडला वर्षाकाठी साधारण ११०० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हिवाळ्यात हवा दमट असते. गाडीच्या आत आणि खोळीखाली वाफ असतेच. निरभ्र रात्री छत गार पडले की त्या वाफेचे थेंब होतात. ताडपत्रीतून पाऊस आत येत नाही हे खरे, परंतु वाफही बाहेर जात नाही. झाकलेल्या पातेल्याच्या झाकणासारखी गाडी आतून घाम धरते.

मग उघडीच ठेवावी काय? तेही बरे नव्हे. तेथील गारव्याने माणूस फसतो. उत्तर गोलार्धात तेवढ्याच अक्षांशावर असलेल्या प्रदेशांपेक्षा न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात अतिनील किरणे सुमारे ४० टक्के अधिक असतात. तेथे ओझोनचा थर पातळ, हवा स्वच्छ, आणि जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. या किरणांनी रंग फिका पडतो, टायरचे रबर तडकते आणि सांध्यांतले लुकण सुकून भेगाळते. त्या भेगेतून पाणी शिरले की आतले लाकूड कुजते.

म्हणून खोळ हवी, पण श्वास घेणारी. कोकणातील आपल्या पूर्वजांचे इरले आठवा. पाठीवर पाऊस झेलायचे, पण खालून वारा खेळू द्यायचे. चांगल्या खोळीचे तत्त्व तेच. बाजारात तीन-चार थरांच्या, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या खोळी मिळतात. त्यांतून पाण्याचा थेंब सहज उतरत नाही, वाफ मात्र निघून जाते. वरच्या थराला अतिनील किरणांपासून संरक्षण दिले आहे ना, हे विचारून घ्यावे. नाहीतर कापड उन्हाने लवकर विरते. रंगीत धाग्याचे विणलेले ॲक्रिलिक महाग पडते, पण उन्हात अधिक टिकते.

माप नीट घ्यावे. गाडी जोडायचा पुढचा दांडा धरून लांबी सांगितली तर खोळ मोठी येते. सैल खोळ वाऱ्याने फडफडते आणि वाळूच्या कागदासारखी घासते. छपराच्या कडा, दिवे, अँटेना यांवर आधी मऊ कापड गुंडाळावे. पोटाखालून जाणारे पट्टे आवळावेत. बाजूला चेन असलेली खोळ घेतल्यास दार उघडून आत लक्ष ठेवता येते.

घालण्यापूर्वी गाडी धुऊन पूर्ण वाळवावी. धूळ राहिली तर तीच ओरखडे काढते. आधीच गळत असेल तर गळती प्रथम बुजवावी. खोळ गळती झाकते, थांबवत नाही. हे काम वारा नसताना, दोघांनी मिळून करावे. छपरावर सौर पट्टी असेल तर खोळीखाली ती वीज देणार नाही. बॅटरीची वेगळी व्यवस्था करावी. महिन्या-दोन महिन्यांनी कोरड्या दिवशी खोळ काढून दारे-खिडक्या उघडाव्यात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. खोळ घातलेल्या गाडीत गॅसची शेगडी किंवा हीटर लावू नये, इंजिनही चालू करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणसाचा प्राण जातो. पाहुणे जास्त झाले म्हणून कोणाला अशा गाडीत झोपवू नका.

परदेशी असलेल्या मुलांना पत्र लिहाल किंवा फोन कराल, तेव्हा हे जरूर सांगा. आणि आजोबा तेथे गेलेच, तर बांधण्याचे काम त्यांनाच द्या. पट्टे आवळण्याची त्यांची हातोटी तेथेही उपयोगी पडेल. कापड तेवढे योग्य असू द्या.