हवा चोरणारे यंत्र

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या राजधानीचे वत्सगुल्म, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि मुले दरवर्षी जांभया देतात. पण याच गावी गेल्या उन्हाळ्यात एका मिस्त्रीने मला जो धडा दिला, तो ऐकताना मला एकदाही जांभई आली नाही!

त्याचे असे झाले. मृगाच्या आधीच्या वादळात आमच्या परसातला कडुनिंब आडवा झाला. तो कापायला एक गडी पेट्रोलची करवत घेऊन आला. दोरी ओढताच यंत्र किंचाळू लागले. गड्याने रेस सोडली, तरी साखळी आपली गरगर फिरतेच आहे! आमची सौ. ओसरीवरून ओरडली, "अहो, आधी ते बंद करायला सांगा!" तिचे बरोबरच होते. रेस सोडल्यावर साखळी थांबलीच पाहिजे. न थांबणारी साखळी मांडीत शिरायला क्षण पुरतो.

गड्याचे तोंड उतरले. "चार महिन्याआंधी नवा पिस्टन टाकला, सर. पुन्ना तेच होऊन राह्यलं. हे मशीन गेलं तं माह्या घरची चूल कशी पेटन?"

मी त्याला स्कूटरवर मागे बसवून मिस्त्रीकडे नेले. मिस्त्रीने यंत्र दोनदा सुरू केले, आडवे-उभे करून आवाज ऐकला आणि विचारले, "कार्बोरेटरचा स्क्रू कोनं पिळला?"

"म्याच," गडी पुटपुटला.

"आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! हे एअर घेऊन राह्यलं, बाप्पा."

आता ही एअर काय भानगड आहे? वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी चेतक किंवा लुना होती. दोन्ही गाड्या १९७२ सालच्या. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या. ही करवतही त्याच टू-स्ट्रोक जातीची. हिच्या इंजिनात पिस्टन वर गेला, की खालच्या बंद पेटीत ओढ निर्माण होते आणि हवा, पेट्रोल व तेल यांचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली आला, की तेच मिश्रण दाबाने वर ढकलले जाते. म्हणजे ती पेटी इंजिनाचे फुप्फुसच! क्रँकची दोन टोके तिच्यातून बाहेर येतात. एकावर मॅग्नेट, दुसऱ्यावर क्लच. दोन्ही ठिकाणी रबराचे एकेक सील असते. त्याचा ओठ झिजला, की तिथून नुसती हवा शिरते. तिच्याबरोबर ना पेट्रोल, ना तेल. मिश्रण पातळ होते, इंजिन भरधाव सुटते, तापते आणि तेलावाचून पिस्टनला चरे पडतात. शिवाय वेग वाढला की क्लचच्या पट्ट्या आपोआप बाहेर फेकल्या जातात आणि साखळी फिरू लागते. नवा पिस्टन बिचारा जुन्याच रोगाने आजारी पडला होता!

मिस्त्रीने सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढून दोन्ही तोंडे रबर लावून बंद केली. हातपंपाने आत सात पौंड हवा भरली. स्कूटरच्या चाकात याच्या तिपटीहून अधिक असते. मग साबणाचे पाणी लावले. बुडबुडा नाही, काटाही हलेना. "म्हणजे यंत्र ठीक आहे," मी घाईने निकाल दिला.

"थांबा, सर. दाब दिला की सीलचा ओठ दांड्याले चिकटते. ओढ दिली की मंग त्याची खरी परीक्षा."

त्याने पंप उलटा जोडून आतली हवा ओढली. काटा भराभर घसरला! क्लचकडच्या सीलवर त्याने दाट तेलाचा थेंब सोडला. थेंब आत ओढला गेला आणि काटा जरा थबकला. चोर सापडला.

पुढचे काम नाजूक होते. प्लगच्या भोकातून मऊ दोरी सोडून त्याने पिस्टन अडवला. क्लचचे आटे उलटे. तो सोडवायला उजवीकडे फिरवावा लागतो. हे ठाऊक नसणारा माणूस जोर करून आटेच मोडतो. साखळीला तेल देणारा पंप निघाला आणि मागे सील दिसले. ते त्याने आकड्याने हळूच उपसले. पेटीला ओरखडा पडला तर नवे सीलही गळणार. नव्याच्या ओठाला ग्रीस लावून, दांड्याच्या धारेवर चिकटपट्टी गुंडाळून, ते नळकांड्याने सरळ ठोकून बसवले. मॅग्नेटकडचेही बदलले, कारण दोघांचे वय एकच. पुन्हा ओढ दिली. काटा जागचा हलला नाही. शेवटी पिळलेला स्क्रू बेताने जागेवर आणला. रेस सोडताच इंजिन शांतपणे गुरगुरू लागले आणि साखळी निश्चल राहिली. गड्याने ती साखळी नव्हे, मिस्त्रीचा चेहरा पाहिला आणि हात जोडले.

संध्याकाळपर्यंत कडुनिंबाचे ओंडके रचून झाले. मी मोठ्या रुबाबात सौ.ला सारी हकिकत ऐकवली. तिने भाजी परतता परतता ऐकून घेतली आणि म्हणाली, "एवढेच ना? कुकरची शिट्टी होईना की मी आधी रिंग बघते. कुकर बदलत नाही!"