घरगुती उष्णजल यंत्रणेची देखभाल

घरगुती उष्णजल यंत्रणा म्हणजे स्नान, भांडी धुणे इत्यादी कामांसाठी लागणारे पाणी घरच्या घरी तापवून नळावाटे पुरविणारी उपकरणे होत. साठवणीचा विद्युत गीझर, गॅस गीझर आणि सौर जलतापक हे तिचे भारतातील प्रचलित प्रकार आहेत. यंत्रणेचे आयुष्य वाढविणे, इंधनाची बचत करणे आणि अपघात टाळणे हे तिच्या देखभालीचे तीन हेतू असतात. बंद टाकीत तापणारे पाणी, ओल्या जागेतील वीज आणि ज्वलनातून निघणारे वायू यांपासून धोका संभवतो. तो टाळण्यासाठी बसविलेली साधने एरवी कोणतेही काम करताना दिसत नाहीत. त्यामुळे ती निकामी झाली तरी नळाला गरम पाणी येतच राहते. म्हणूनच या यंत्रणेची तपासणी बिघाड होण्याची वाट न पाहता ठराविक काळाने करावी लागते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात पाणी तापविण्यासाठी पूर्वी तांब्याचा किंवा पितळेचा बंब वापरला जाई. बंबाच्या मधोमध एक उभी नळी व तिच्या तळाशी जाळी असते. नळीत लाकडाच्या ढलप्या, कोळसा किंवा करवंट्या जाळल्या जातात आणि नळीभोवतीच्या पोकळीतील पाणी तापते. पाणी ओतण्याचे तोंड उघडे असल्यामुळे आत दाब साठत नाही. राख काढणे, तोटी गळत नाही हे पाहणे आणि चिंचेने घासून भांडे उजळणे एवढीच बंबाची निगा असे.

‘गीझर’ हा शब्द आइसलँडमधील ‘गेसिर’ या उष्णोदकाच्या कारंज्याच्या नावावरून आला. बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये लंडन येथे तयार केलेल्या गॅसवरील जलतापकाला हे नाव दिले. नॉर्वेत जन्मलेले अभियंते एडविन रूड यांनी १८८९ च्या सुमारास अमेरिकेत साठवणीचा स्वयंचलित जलतापक विकसित केला. पाणी बंद टाकीत तापू लागल्यावर दाब व तापमान यांवर नियंत्रण ठेवणे अपरिहार्य झाले.

विद्युत गीझरची रचना

साठवणीच्या गीझरमध्ये आतली टाकी, तिच्याभोवती उष्णतारोधक आवरण, पाणी तापविणारी कॉइल, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, अतिताप झाल्यास वीज तोडणारा कट-आउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे मुख्य भाग असतात. थंड पाणी टाकीच्या तळाशी येते आणि गरम पाणी वरच्या भागातून बाहेर पडते. भारतात या उपकरणांसाठी आयएस २०८२ हे मानक आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते. २ किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी साधारण १८ मिनिटे लागतात. तेवढ्याच पाण्याला पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागू लागला, तर थर्मोस्टॅट किंवा कॉइल तपासून घ्यावी.

क्षारांचे पुट

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असलेल्या पाण्याला कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले जाते. दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा आहे. असे पाणी तापविल्यावर विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटपासून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. तेच कॉइलवर व टाकीच्या तळाशी पांढऱ्या पुटाच्या रूपाने साचते. कूपनलिकेचे, म्हणजे बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत ही अडचण विशेष आढळते.

पुट उष्णतेचे मंद वाहक असते. त्यामुळे कॉइलची उष्णता पाण्यात लवकर उतरत नाही, कॉइल स्वतः जास्त तापते आणि अखेर जळते किंवा तिच्या नळीला भेग पडते. भेगेतून पाणी आत शिरले की विद्युतप्रवाह पाण्यात उतरू शकतो. गॅस गीझरमध्ये पुटामुळे ज्योतीची उष्णता पाण्याला न मिळता धुराबरोबर वाया जाते. पाणी जितके अधिक तापवावे तितके पुट लवकर धरते. कठीण पाणी असल्यास कॉइल व टाकी वर्षातून एकदा साफ करून घेतात. त्यासाठी वीज पूर्ण बंद करून, पाणी निवल्यावर टाकी रिकामी करतात, कॉइल बाहेर काढून सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात भिजवतात आणि तळाचा गाळ धुऊन काढतात. कॉइलची जोडणी व रबरी वायसर पुन्हा बसविण्याचे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे.

गंज व ॲनोड

काचेसारखा मुलामा दिलेल्या पोलादी टाकीत मुलाम्याला सूक्ष्म भेगा असतातच. तेथे गंज चढू नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमची कांडी बसविलेली असते. तिला ॲनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने आधी कांडी झिजते आणि टाकी वाचते. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळावरील तांब्याचे पत्रे याच तत्त्वाने वाचविण्याचे प्रयोग केले होते. कांडी संपली तरी गीझर पूर्वीसारखाच चालतो, मात्र त्यानंतर टाकी गंजू लागते. म्हणून ती दरवर्षी पाहावी व बरीचशी झिजल्यास बदलावी. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्यासारख्या खाऱ्या भूजलाच्या प्रदेशात ही तपासणी अधिक वेळा करणे योग्य ठरते. छिद्र पडलेली टाकी दुरुस्त करण्यापेक्षा गीझर बदलणेच सहसा इष्ट असते.

दाब व सेफ्टी व्हॉल्व्ह

पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे १.४ टक्के वाढते. १५ लिटरच्या टाकीत ही वाढ सुमारे २०० मिलिलिटर भरते. पाणी फारसे दाबले जात नसल्यामुळे या वाढीला वाट न मिळाल्यास दाब झपाट्याने चढतो. ही वाट सेफ्टी व्हॉल्व्ह करून देतो. पाणी तापत असताना त्यातून काही थेंब ठिबकणे हा बिघाड नव्हे. ती गळती समजून व्हॉल्व्हचे तोंड गुट्टीने बंद करणे अत्यंत धोकादायक आहे. थर्मोस्टॅट व कट-आउट दोन्ही निकामी झाले असतील, तर पाणी दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापते आणि टाकी फुटताच त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. व्हॉल्व्हला तरफ असल्यास ती अधूनमधून उचलून पाणी मोकळेपणी बाहेर येते की नाही हे पाहावे. त्या वेळी तोंडापासून हात दूर ठेवावा.

छतावरील टाकी गीझरपेक्षा १० मीटर उंच असल्यास सुमारे १ बार दाब पडतो. उंच इमारतीत गीझर निवडताना त्यावर नोंदविलेला कमाल दाब इमारतीतील दाबाशी ताडून पाहावा लागतो. पाणीपुरवठा खंडित होणाऱ्या ठिकाणी टाकीत पाणी आल्याची खात्री करूनच गीझर सुरू करावा. कोरडी कॉइल थोड्याच वेळात जळते.

विद्युत सुरक्षा

२ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणून त्यास १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट व योग्य जाडीची वायर लागते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारा आरसीसीबी ही दोन्ही साधने आवश्यक होत. आरसीसीबीवरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्यास मुख्य स्विच बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नये.

पाण्याचे तापमान

कोमट साठवलेल्या पाण्यात, विशेषतः २५ ते ४५ अंशांदरम्यान, लीजिओनेला हे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या न्यूमोनियाची ओळख १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील साथीनंतर झाली. यासाठी साठवणीचे पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवण्याची शिफारस केली जाते. मात्र याच तापमानाच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते. त्यामुळे टाकीतील पाणी गरम ठेवून नळापाशी ते थंड पाण्यात मिसळणे हा सुरक्षित मार्ग होय. लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम पाणी सोडावे.

गॅस गीझर

गॅस जळताना हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग वा वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे अनेकांचे प्राण गेले आहेत. हा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा आणि त्याचा धूर घराबाहेर सोडावा. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसल्यास किंवा काजळी धरल्यास बर्नर साफ करून घेईपर्यंत वापर थांबवावा. डोकेदुखी, चक्कर वा मळमळ जाणवल्यास ताबडतोब मोकळ्या हवेत जावे, गॅस बंद करावा व वैद्यकीय मदत घ्यावी.

सौर जलतापक

बहुतेक घरगुती सौर जलतापकांत पंप नसतो. संग्राहकात तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते व थंड पाणी खाली उतरते. महाराष्ट्रात संग्राहकाचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात. काचेवरील धूळ सकाळी किंवा सायंकाळी पुसावी. काचनळ्या रिकाम्या असताना उन्हात तापल्या आणि त्यांत थंड पाणी सोडले, तर त्या तडकतात. म्हणून दुरुस्तीनंतर पाणी ऊन चढण्यापूर्वी भरावे. टाकीवरील हवानळी कधीही बंद करू नये. वाढलेल्या झाडाची वा नव्या बांधकामाची सावली पडते का, हेही पाहावे लागते.

बिघाडाची लक्षणे

• तापताना खडखड किंवा सूं असा आवाज येणे: कॉइलवर क्षारांचे पुट.
• गरम पाणी लवकर संपणे: तळाशी साचलेला गाळ किंवा थर्मोस्टॅटमधील दोष.
• केवळ गरम नळाला तांबूस पाणी येणे: टाकी किंवा गरम पाण्याची लोखंडी नळी गंजणे.
• गीझर सुरू करताच आरसीसीबी पडणे: कॉइलमधून पाण्यात प्रवाह उतरणे.
• नळातून वाफ येणे: थर्मोस्टॅट व कट-आउट निकामी होणे. अशा वेळी वीज तत्काळ बंद करावी.
• सेफ्टी व्हॉल्व्हमधून सतत धार लागणे: पाण्याचा दाब अधिक असणे किंवा व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकणे.