बाई, हे आपल्याकडे होईल का?

महाराष्ट्रातल्या शाळेत वाढलेल्या कुणालाही परिपाठ झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. बातम्यांची पाळी ज्याची, तो वर्तमानपत्र चाळून तीन-चार ठळक मथळे वहीत उतरवून आणायचा. मैदानात रांगेने उभ्या असलेल्या मुलांपुढे ते खड्या आवाजात वाचायचे, ‘बातम्या संपल्या’ म्हणायचं, की पुढचा बोधकथेला उभा. पूर, रेल्वे अपघात, मंत्रिमंडळाचा विस्तार, क्रिकेट, सगळं एकाच सुरात. शिक्षिका म्हणून मी हा परिपाठ नोकरीभर घेतला आणि त्यातली एक गोष्ट मला कायम खटकत आली. बातमी वाचून झाली की तिच्याविषयी बोलायला जागाच नसे. मुलांच्या कानावर बातम्या सगळ्या पडत होत्या. त्यांच्याशी त्याबद्दल बोलणारं माणूस मिळत नव्हतं. गेल्या पन्नासेक वर्षांकडे वळून पाहताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसतं.

आमच्या लहानपणी घरात बातमी यायची ती रेडिओवरून. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागत आणि सुधा नरवणे यांचा स्वच्छ, ठाम आवाज घराघरांत ऐकू येई. तेवढा वेळ मुलांनी तोंड उघडायचं नाही, असा दंडक. नंतर काही विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘तुला काय करायचंय? अभ्यासाला बस.’ यात दुष्टपणा मुळीच नव्हता. आपण बोललो नाही म्हणजे मुलांना कळणार नाही, अशी त्या पिढीची प्रामाणिक समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी तान्ही होते. तरी साताऱ्याकडच्या आमच्या गावात मी जाणती होईपर्यंत रात्री फळीवरून भांडं पडलं की पोरं अंगणाकडे धावायची. भूकंप म्हणजे काय, हे आम्हाला समोर बसवून कुणी सांगितलेलं नव्हतं. मोठ्यांची कुजबुज ऐकून ज्याने त्याने आपापला भूकंप मनात रचलेला होता.

याला छेद देणारा पहिला माणूस मला भेटला तो १९७९ मध्ये. स्कायलॅब ही अमेरिकेची सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा कक्षेतून घसरत होती आणि ती नेमकी कुठे कोसळणार, हे नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. जुलैच्या त्या पंधरवड्यात गावात दुसरा विषय नव्हता. जग बुडणारच आहे तर कोंबड्या कुणासाठी राखायच्या, म्हणून त्या कापल्याच्या गोष्टी चवीने सांगितल्या जात होत्या. मी सहावीत होते. वर्गातली एक मुलगी तीन दिवस शाळेत आली नव्हती, कारण मरायचं तर आईजवळ, असं तिने ठरवलं होतं.

आमच्या गुरुजींनी एके दिवशी भूगोलाच्या तासाला कपाटातला पृथ्वीगोल काढून टेबलावर ठेवला. एकेकाला पुढे बोलावलं. डोळे मिटायचे, ते गोल फिरवणार, आणि आपण बोट टेकवायचं. बहुतेकांची बोटं निळ्या रंगावर पडली. कुणाचं आफ्रिकेवर, कुणाचं रशियावर. भारतावर एखाददुसरं, आणि आमच्या गावाला तर त्या गोलावर टिंबही नव्हतं. गुरुजी म्हणाले, ‘पडणार आहे हे खरं. आपल्यावर पडणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण तुम्हीच बघा, किती जागा आहे.’ मग पटांगणात नेऊन, आवाज आला तर काय करायचं तेही सांगितलं. ११ जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात कोसळली, कुणाला इजा झाली नाही. पण आमची भीती त्याआधीच, त्या तासाला आटोक्यात आली होती. पुढे शिक्षिका झाल्यावर अवघड बातमी समोर आली की मला आधी तो गोल आठवे. गुरुजींनी खोटा धीर दिला नव्हता. बातमी आम्हाला हाताळायला दिली होती.

दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, पण गावोगावी पोहोचायला वर्षं गेली. १९८४ च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींचा अंत्यविधी आम्ही शेजाऱ्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने पाहिला. त्या गर्दीत निदान लहानांच्या अवतीभवती मोठी माणसं होती. रडणारी, चिडलेली, काहीबाही सांगणारी, पण होती. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे हेच हरवत गेलं.

मी नोकरीत रुळले आणि १९९३ उजाडलं. इतकं जड वर्ष त्याआधी मी पाहिलं नव्हतं. आदल्या डिसेंबरात आणि जानेवारीत मुंबईच्या दंगली, १२ मार्चला बॉम्बस्फोट. माझी शाळा पुण्यात, म्हणजे घटनास्थळापासून दूर. तरी चौथीतल्या एका मुलाने मला बाक बदलून मागितला. शेजारी बसणारा मुलगा मुसलमान होता. कारण विचारलं तर म्हणाला, ‘घरी सगळे म्हणतात.’ मी वर्गाला सांगितलं की हे ज्यांनी केलं ती ठरावीक माणसं आहेत, पोलिस त्यांची नावं शोधताहेत, आणि या वर्गातलं कुणी त्यांच्यात नाही. बाक बदलून दिला नाही. वर्षअखेरपर्यंत दोघं तिथेच बसले. त्यांची दोस्ती पहिल्यासारखी राहिली का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. बातमी मुलांपर्यंत येताना ‘आपण’ आणि ‘ते’ अशी वाटणी बरोबर घेऊन येते. मोठ्यांनी तिथे गप्प बसणं म्हणजे त्या वाटणीला मान्यता देणं, हे मी तेव्हापासून मानत आले.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. वर्तमानपत्रांतले ते फोटो मुलांपासून लपवणं अशक्य होतं. दुसऱ्याच दिवशी वर्गात प्रश्न आला: ‘बाई, हे आपल्याकडे होईल का?’ मी त्यांना तिथल्या घरांविषयी सांगितलं. जाड दगडी भिंती, दगड नुसत्या मातीत बसवलेले, वर मातीचं जड माळवद. जमीन हलली तेव्हा असं घर आतल्या माणसांवर बसलं. मुलांनी लगेच आपापल्या घरांचा हिशोब मांडायला सुरुवात केली. कुणाचं विटांचं, कुणाचं पत्र्याचं, वाड्यात राहणारा एक जण काळजीत पडला. त्याच्याशी मी वेगळं बोलले. पुढे भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली. ते कळल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांचे प्रश्नच बदलले. त्यांची दप्तरं सापडली का? ती कितवीत आहेत? त्यांना आमच्या वह्या चालतील? मुलांना एवढ्या मोठ्या दुःखात शिरायला अशी एक बारीक वाट लागते, आणि बहुतेकदा ती वाट त्यांची तीच शोधतात.

मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून शनिवार सकाळपर्यंत घराघरात टीव्ही चालूच होता. सोमवारी पहिलीतल्या एका मुलाने विचारलं, ‘अजून किती हॉटेलं जळणार?’ ताजच्या घुमटामागचा तोच धूर वाहिन्यांनी शंभरदा दाखवला होता आणि त्याच्या लेखी दर वेळी नवी इमारत पेटली होती. मी फळ्यावर वार लिहिले, कधी सुरू झालं, कधी संपलं, आणि ‘संपलं’ या शब्दाभोवती चौकट काढली. मग त्यांना सीएसटीवरचे उद्घोषक विष्णू झेंडे यांची गोष्ट सांगितली. खाली गोळीबार चालू असताना ते ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले होते. पोलिस तुकाराम ओंबळे यांचंही सांगितलं. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला नियमाने बंदी आली ती २०१५ मध्ये. तोवर कितीतरी मुलांचे ते धुराचे लोट पाहून झाले होते.

मग आला मोबाइल. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून तो मुलांच्या हातात गेला. ओसरीवरची गर्दी संपली. आता बातमी मुलाला एकट्याला गाठते, कोपऱ्यात, पांघरुणात, आणि बरोबर कुणाचा तरी विखारी आवाज जोडलेला असतो. त्या मे महिन्यात, ८ तारखेला पहाटे, करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेली मध्य प्रदेशातली माणसं. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्या फोनवर फिरला. पाचवीतल्या एका मुलीने मला फोन करून विचारलं, ‘बाई, ते रुळावर का झोपले?’ हाच प्रश्न त्या दिवसांत मोठी माणसंही विचारत होती, पण तुच्छतेने. तिला उत्तर हवं होतं. मी सांगितलं: गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं, रस्त्याने पोलिस अडवतील म्हणून ते रुळांच्या कडेने चालत होते, आणि फार थकले होते. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, ‘पोळ्या त्यांनी सकाळसाठी ठेवल्या असतील.’ त्या फोटोतलं सगळं तिला समजलं होतं.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी परिपाठात एक बदल केला. बातमी वाचणाऱ्याने तिच्यावर स्वतःचा एक प्रश्न लिहून आणायचा. युक्रेनमध्ये अडकलेले आपल्याकडचे वैद्यकीय विद्यार्थी आता कुठे शिकतात? गाझातल्या मुलांची शाळा बुडाली, तर ती पुढच्या वर्गात कशी जाणार? बोधकथेला वेळ उरेना, म्हणून काही सहकारी नाराज झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूरच्या शाळेतलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण मात्र परिपाठात वाचू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. काही बातम्या मैदानात उच्चारायच्या नसतात. त्या आठवड्यात मी दारं लावून लहान गटांशी बोलले. आपलं शरीर कुणाचं, नको असलेला स्पर्श कसा ओळखायचा, मोठ्याने ओरडायचं, घरी सांगायचं, आणि घरच्यांनी ऐकलं नाही तर १०९८ हा क्रमांक. घटनेचा तपशील कुणीच विचारला नाही. ‘सांगितलं तर आईबाबा रागावतील का?’ हे मात्र जवळजवळ सगळ्यांनी विचारलं. म्हणून पुढची बैठक मी पालकांची घेतली.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, पहलगामच्या हल्ल्यानंतर राज्यात ठिकठिकाणी भोंगे वाजवून नागरी संरक्षणाचा सराव झाला. शाळांना सुट्ट्या होत्या आणि मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. आमच्या इमारतीतली एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. तो दोन दिवस जेवत नव्हता. तिने त्याला क्षेपणास्त्रं, सीमा, सैन्य असं सगळं समजावून पाहिलं होतं. मी त्याला एवढंच विचारलं की तुला नेमकं काय होईल असं वाटतंय. तो म्हणाला, ‘युद्ध झालं तर एसटी बंद होईल आणि आजी गावात एकटी राहील.’ आम्ही तिघांनी आगारात फोन लावला आणि रविवारच्या गाडीची वेळ विचारून घेतली. मग आजीला फोन केला.