भाज्याचे तिरके खांब

भाजे लेण्यांना जायचं ठरलं की पिशवीत पाणी, दशम्या आणि हातभर दोरा टाका. दोऱ्याच्या टोकाला घराची किल्ली बांधली की झाला ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला वापरतो, तोच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या डोक्यात काय चाललं होतं, हे एवढ्या साहित्यात मुलांना दाखवता येतं.

पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि कामशेतनंतर मळवलीला उतरा. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव गाठलं की विसापूरच्या डोंगराला भिडणाऱ्या पायऱ्या दिसतात. शाळकरी मुलं त्या धावत चढतात, आजी-आजोबा दोनदा टेकून. वर एका ओळीत बावीस लेणी आहेत, इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापासूनची. खालून बोरघाटाचा व्यापारी मार्ग जाई आणि त्या वाटेवरच्या भिक्षूंना पावसाळ्याचे चार महिने डोक्यावर छप्पर हवं असे.

बाराव्या क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह. मागच्या टोकाला गोलाकार, वर कमानदार छत, आत स्तूप आणि त्याभोवती सत्तावीस अष्टकोनी खांब. इथे ओळंबा खांबाजवळ धरा, खांबाला टेकवू मात्र नका. दोरा सरळ लोंबतो आणि खांब आतल्या बाजूला कललेला दिसतो. एकच नव्हे, दोन्ही रांगा तशाच कललेल्या आहेत. पाया खचला असेल ही पहिली शंका, पण पाया खचायला खांब वेगळा उभा केलेला हवा. इथे खांब, जमीन आणि छत हा सगळा एकच अखंड बेसॉल्ट आहे. खांब कोणी रोवले नाहीत, भोवतालचा दगड काढला आणि ते उरले.

मग कारागिरांनी ते तिरके का ठेवले? कारण त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी सभागृह होतं. लाकडी खांबांवर कमानदार छत टाकलं की छताचं वजन खांबांना बाहेर ढकलतं. खांब आधीच आत कलते रोवले, तर हा रेटा पेलला जातो. सुतारांना हे अनुभवाने ठाऊक होतं. डोंगरात कोरलेलं छत मात्र कोणाला ढकलत नाही, म्हणून दगडात तिरकेपणाचा काडीचाही उपयोग नव्हता. आपल्या पाठीच्या कण्याच्या टोकाला शेपटी गेल्यावरही माकडहाड उरलं, तसा हा कल उरला.

आता वर पाहा. दगडी छताला खालून लाकडाच्या फासळ्या लावलेल्या आहेत. त्या काही पेलत नाहीत. त्या काढल्या तरी छत जागचं हलणार नाही. तरीही सभागृह म्हटलं की फासळ्या हव्यातच, असं त्या कारागिरांना वाटलं असावं. दर्शनी भागात तर पूर्ण लाकडी बांधणी होती. ती गेली, पण तिच्या खोबणी कमानीभोवतीच्या दगडात दिसतात. खोबणी शोधायचं काम मुलांवर सोपवा, मोठ्यांपेक्षा त्यांना लवकर सापडतात.

या फासळ्यांपैकी काही मूळच्या आहेत, याचा पुरावा लाकडावरच मिळाला. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांना विसाव्या शतकाच्या मध्यात त्यांवर ब्राह्मी अक्षरांतले छोटे लेख सापडले. मावळातल्या धो धो पावसात लाकूड दोन हजार वर्षं कसं टिकतं, हा प्रश्न कोणालाही पडेल. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिला की तिचं काही चालत नाही. इथे वर डोंगराचं छप्पर, समोरून खेळती हवा आणि मातीशी संबंध नाही. शिवाय लाकूड सागाचं. सागातलं टेक्टोक्विनोन हे रसायन वाळवीला मानवत नाही. उघड्यावरचं दर्शनी लाकूड गेलं आणि आतलं राहिलं, यातच निम्मं उत्तर आहे.

दगडाचीही थोडी ओळख करून घ्यावी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून सह्याद्री झाला. काही थर घट्ट, काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले. लेणं कोरायला घट्ट, भेगा नसलेला थर बरा. खोदकाम वरून खाली होई. आधी छत, शेवटी जमीन. त्यामुळे परांचीची गरज नसे, पण छिन्नीचा घाव चुकला तर खांब बदलायची सोयही नसे. पाण्यासाठी कातळातच टाकी खोदलेली आहेत. त्यांना तेव्हा पोढी म्हणत. एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत विण्हुदत या दात्याचा लेख आहे.

पुढे चौदा स्तूपांचा समूह लागतो. थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची ही स्मारकं. दक्षिण टोकाच्या विहारात चार घोड्यांच्या रथातली आणि हत्तीवरची अशी दोन प्रसिद्ध शिल्पं आहेत. सूर्य आणि इंद्र ही ओळख रूढ झाली असली तरी अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. मला तर ही शिल्पं पाहायला जाणाऱ्यांनी चैत्यगृहाकडे पाठ फिरवून घाई करू नये असं वाटतं. भाज्याचं खरं नवल त्या साध्या, नक्षीविरहित खांबांत आहे.

एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी खांबांच्या या कलण्यावरूनच लेण्यांचा काळ लावायचा प्रयत्न केला. जितका कल जास्त, तितकं लेणं जुनं. समोरच्या डोंगरातल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब सरळ उभे आहेत, पण छताला लाकडी फासळ्या आहेतच. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आठव्या शतकातलं. तिथे फासळ्या नाहीत, कल नाही, चौकोनी दणकट खांब आहेत. तोवर कातळ कोरणारे सुताराचा हिशेब विसरले होते. भाजे, कार्ले आणि पाताळेश्वर या क्रमाने तिन्ही पाहिली तर हा बदल मुलांनाही सांगावा लागत नाही.

भर पावसात पायऱ्या निसरड्या आणि धबधब्यांपायी गर्दी अफाट, त्यामुळे कुटुंबासह जायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागत नाही. फासळ्यांना आणि खांबांना हात लावू नका, कोणी नाव कोरताना दिसलं तर रखवालदाराला सांगा. आणि दोरा विसरू नका.