ऐनावरचा कोसा, कोळ्याचा धागा

पावसाळा सरत आला की किनवटच्या जंगलात पायवाटेवर आडवी बांधलेली कोळ्यांची जाळी थेट तोंडावर येतात. त्यातला गोल फिरणारा धागा बोटाने ओढून पाहा. चिकट लागतो, बराच ताणतो. मधून बाहेर गेलेले आरे मात्र कोरडे आणि चिवट. कोळी लोंबकळत खाली उतरतो तोही याच जातीच्या धाग्यावर, आणि कृत्रिम धागा बनवणाऱ्यांना हवा आहे तोही हाच.

या धाग्याच्या प्रथिनात ॲलनीन हे अमिनो आम्ल ओळीने पाच-आठ वेळा येतं, मग ग्लायसीनने भरलेला सैल पट्टा, की पुन्हा ॲलनीन. धागा ओढला जाताना शेजारशेजारचे ॲलनीनचे पट्टे घट्ट बसून काही नॅनोमीटरचे स्फटिक तयार होतात. बळ त्यांचं, लवचीकपणा सैल पट्ट्यांचा. गंमत अशी, की पैठणीच्या तुती रेशमात ही मांडणी नाही. तिथे ग्लायसीन आणि ॲलनीन आलटून पालटून येतात. भंडारा-गडचिरोलीकडे ढिवर मंडळी ऐन-अर्जुनावर सांभाळतात त्या तसर कोशात मात्र ॲलनीनचे लांब पट्टे आहेत. म्हणजे रचनेच्या बाबतीत आपला कोसा तुतीपेक्षा कोळ्याला जवळचा!

कोळ्याच्या या प्रथिनाच्या जनुकाचा काही क्रम १९९०मध्ये हाती लागला आणि पुढे ते जनुक जीवाणूंत घातलं गेलं, बकऱ्यांतही. दुधातून रेशीम काढणाऱ्या बकऱ्यांच्या बातम्या गाजल्या. मला तो गाजावाजा तेव्हाही जास्तच वाटला होता. प्रथिन मिळालं म्हणून धागा होत नाही. कोळ्याच्या ग्रंथीतलं दाट द्रावण नळीतून सरकताना सामू ७.६ वरून ५.७ पर्यंत उतरतो, प्रथिनांची टोकं एकमेकांत अडकतात आणि ओढीसरशी साखळ्या सरळ होतात. कातणं ते हेच.

ते जमलं की फसलं, हे क्ष-किरण सांगतात. धाग्यांच्या जुडीतून किरण सोडले की स्फटिक एका दिशेने लागलेले असतील तर चित्रात तुटक कमानी उमटतात; वेडेवाकडे असतील तर अख्खी कडी, आणि रचनाच नसेल तर नुसतं धूसर वलय.

प्रथिनाची लांबीही महत्त्वाची. २०१८मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलनीन-ग्लायसीनच्या त्याच पट्ट्यांची १९२ आवर्तनं असलेलं प्रथिन तयार झालं आणि त्याचा धागा ताकदीत खऱ्या धाग्याच्या तोडीचा निघाला. एवढं लांब प्रथिन जीवाणूला एका दमात झेपत नाही. म्हणून त्याचे तुकडे वेगवेगळे बनवून मागाहून रासायनिक बंधाने जोडावे लागले.